एक होण्याचा खटाटोप

‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ ही मराठीत सर्वांत जास्त वेळा रंगवलेली माफी असावी. रस्ता खणणारा आधी ती पाटी लावतो आणि मग निर्धास्तपणे रस्ता खणतो. ‘क्षमस्व’ हे संस्कृतातलं आज्ञार्थी रूप आहे, ‘क्षमा कर’ असा त्याचा सरळ अर्थ. म्हणजे खड्ड्यात पाय मुरगळलेल्या माणसाला ती पाटी वर एकेरीत हुकूमही सोडते. वर्तमानपत्र क्षमा मागत नाही, ‘दिलगीर’ होतं, तेही दुसऱ्या दिवशी, आतल्या पानावर, तळाच्या कोपऱ्यात. पुढारी म्हणतात, ‘माझ्या विधानाचा विपर्यास झाला, तरीही कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर...’ त्या ‘तर’मध्ये सगळी माफी विरघळून जाते. आणि घरोघरी ऐकू येणारं ‘बरं बाई, माझंच चुकलं’ हे वाक्य तर अजब आहे. त्यातला ‘च’ आजचं भांडण मिटवतो आणि पुढच्या भांडणासाठी अनामत रक्कम भरून ठेवतो.

या सगळ्या शब्दांत एक गोष्ट समान आहे. माफी मागणारा बोलून मोकळा होतो, आणि ज्याची मागायची तो माणूस कुठेतरी बाहेरच उभा राहतो. म्हणूनच मला इंग्रजीतल्या एका शब्दाचं कौतुक वाटतं. जन्मतः तरी तो एकट्याचा शब्द नव्हता.

तो शब्द म्हणजे ‘अटोनमेंट’. केल्या चुकीची भरपाई करणं, पापाचं परिमार्जन करणं, असे अर्थ कोशात सापडतात. शब्द कानावर पडला की उंच कमानींचं थंडगार चर्च आणि खाली मान घातलेली माणसं डोळ्यांपुढे येतात, आणि हे प्रकरण लॅटिनच असणार असं वाटतं. इंग्रजीतले धर्माचे भारदस्त शब्द बहुतेक तिकडूनच आलेले आहेत. पेनन्स काय, रिडेम्प्शन काय, एक्स्पिएशन काय. या शब्दाची फोड मात्र एकदा दाखवली की पहिलीतल्या पोरालाही कळेल. ‘अ‍ॅट’, ‘वन’ आणि ‘मेंट’. ‘अ‍ॅट वन’ असणं म्हणजे एकोप्याने असणं. त्याला फ्रेंचमार्गे आलेला ‘मेंट’ हा प्रत्यय जोडला आणि शब्द तयार झाला. एक होणं, बस्स. त्यात पापही नाही आणि दंडही नाही. हिशेब एवढाच की आधी दोन होते, आता एक झाले.

मग ‘वन’चा ‘ओन’ कसा झाला? तर तो झालाच नाही. तोच जुना. एक या आकड्याचा इंग्रजी उच्चार पूर्वी ‘ओन’च्या जवळचा होता. ‘अलोन’ म्हणजे मुळात ‘ऑल वन’, अगदी एकटा. ‘ओन्ली’ हाही त्याच आकड्याचा भाऊबंद. पुढे आकड्याने आपला उच्चार बदलून ‘वन’ करून घेतला आणि बाकीची मंडळी जुन्याच उच्चाराला धरून राहिली. थोरल्याने शहरात जाऊन आडनाव बदलावं आणि गावाकडच्या भावंडांनी जुनंच चालवावं, तसलाच हा प्रकार. परिणाम असा, की ‘अटोन’मध्ये ‘वन’ लपलेला आहे हे भल्याभल्या इंग्रजांनाही सांगावं लागतं. गंमत म्हणजे ‘अलोन’ आणि ‘अटोन’ ही सख्खी भावंडं. एकटं पडणं आणि एकत्र येणं दोन्ही एकाच आकड्यातून निघालं. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? एकटा, एकलकोंडा, एककल्ली हे सगळे ‘एक’मधूनच निघाले आणि एकी, एकोपा, एकत्र हेही तिथूनच.

चौदाव्या शतकातल्या वायक्लिफच्या बायबलात नुसता ‘ओनमेंट’ असाही शब्द आहे. पण आजच्या रूपात तो धर्मग्रंथात कायमचा बसवला विल्यम टिंडेलने. हा ग्लॉस्टरशरकडचा, ऑक्सफर्डला शिकलेला, ग्रीक आणि हिब्रू जाणणारा गृहस्थ. नांगर हाकणाऱ्या पोरालाही बायबल कळलं पाहिजे, अशी त्याची जिद्द होती. बिशपच्या परवानगीवाचून इंग्रजी भाषांतर करायला तेव्हा इंग्लंडात बंदी होती आणि परवानगी काही मिळेना. म्हणून १५२४ साली तो जर्मनीला गेला. कोलोनला छपाई चालू असताना धाड पडणार अशी कुणकुण लागली, तेव्हा छापलेले कागद घेऊन त्याने ऱ्हाइन नदीतून वर्म्स गाठलं आणि १५२६ मध्ये तिथे नवा करार छापून पुरा केला. प्रती मालाच्या गाठोड्यांत लपवून इंग्लंडात पोचल्या आणि लंडनच्या बिशपने त्या जाळायला सुरुवात केली.

जाळायच्या तर आधी हाती लागल्या पाहिजेत. एडवर्ड हॉल नावाच्या त्या काळच्या बखरकाराने सांगितलेला किस्सा असा, की याच बिशप टन्स्टलने एका व्यापाऱ्याला गाठून टिंडेलच्या प्रती घाऊक भावात विकत घ्यायला सांगितलं. व्यापारी टिंडेलचाच मित्र निघाला. बिशपला पुस्तकं मिळाली, व्यापाऱ्याला आभार मिळाले आणि टिंडेलला पैसे मिळाले. त्यातून त्याने देणी फेडली आणि आवृत्ती सुधारण्याची सोय केली. मराठी प्रकाशकांनी हेवा करावा असा हा ग्राहक होता. सगळा साठा एकरकमी उचलायचा आणि परतावा शून्य!

त्या नव्या करारात रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात देव आणि माणूस यांचं तुटलेलं नातं पुन्हा जुळल्याची गोष्ट आहे. तिथल्या ग्रीक शब्दासाठी टिंडेलने ‘अटोनमेंट’ लिहिलं. मराठी बायबलात त्याच जागी ‘समेट’ आहे. मला हा शब्द फार आवडतो. समेट म्हटला की निदान दोन पक्ष आलेच. एकट्याने समेट केला असं कोणी सांगू लागलं तर आपण त्याच्याकडे काळजीने पाहू.

सर टॉमस मोर हे टिंडेलचे कट्टर शत्रू. विद्वान, विनोदी, राजाच्या मर्जीतले, आणि टिंडेलचं नाव निघालं की तोंडाचा पट्टा सुटलेले. १५२९ मध्ये मोर यांनी त्याच्याविरुद्ध ग्रंथ लिहिला, १५३१ मध्ये टिंडेलने उत्तर दिलं, त्या उत्तराला मोर यांनी आणखी जाडजूड उत्तर दिलं. तक्रार शब्दांवरून होती. टिंडेलने ‘चर्च’च्या जागी ‘मंडळी’ का लिहिलं? आणि ‘पेनन्स करा’ असं लिहायचं सोडून ‘पश्चात्ताप करा’ का लिहिलं? वरवर पाहता हा कोशकारांचा वाद वाटेल, पण त्यात पोटापाण्याचा प्रश्न होता. पेनन्स, म्हणजे प्रायश्चित्त, करायचं तर पाद्री लागतो. पश्चात्ताप माणूस घरबसल्याही करू शकतो.

पण खरी मौज पुढे आहे. ‘अटोनमेंट’ या शब्दाचा लेखी वापर शोधत मागे गेलं तर टिंडेलच्याही आधी तो कोणाच्या लिखाणात सापडतो? मोर यांच्याच! १५१३ च्या सुमारास लिहायला घेतलेल्या तिसऱ्या रिचर्ड राजाच्या इतिहासात त्यांनी तो वापरला आहे. तिथे मरणशय्येवरचा चौथा एडवर्ड आपल्या भांडखोर सरदारांना एकमेकांच्या हातात हात द्यायला लावतो. हात मिळाले, मनं मिळाली नाहीत, असा तो प्रसंग. म्हणजे समेटाचा हा शब्द लेखी इंग्रजीत शिरला तोच एका फसलेल्या समेटाच्या संदर्भात. आणि जन्माचे वैरी असलेले हे दोघे याच एका शब्दाचे आद्य पुरस्कर्ते!

आणखी एका बाबतीत दोघांचं जमलं होतं. आठव्या हेन्री राजाला पहिल्या राणीपासून सुटका हवी होती. टिंडेलने त्याविरुद्ध लिहिलं. मोर यांनी राजाच्या मनासारखा दुजोरा द्यायचं आणि हवी ती शपथ घ्यायचं नाकारलं. १५३५ च्या जुलैत मोर यांचं मस्तक उडवलं गेलं. त्याच वर्षी अँटवर्पला टिंडेल दगाबाजीने पकडला गेला आणि १५३६ मध्ये ब्रसेल्सजवळच्या विल्व्होर्ड इथे त्याला गळा आवळून मारून मग जाळण्यात आलं. एवढं होऊनही हयातीत दोघे एकमेकांशी ‘अ‍ॅट वन’ झाले नाहीत ते नाहीतच. तीन वर्षांनी राजाच्याच आज्ञेने चर्चांमध्ये जे इंग्रजी बायबल ठेवलं गेलं, त्यात टिंडेलचं भाषांतर भरपूर होतं. सरकारी माफी ही अशीच येते, उशिरा आणि माणसाचं नाव न घेता.

शेक्सपियरच्या काळापर्यंत हा शब्द आपला मूळचा स्वभाव धरून होता. ‘ऑथेल्लो’ नाटकात डेस्डेमोना ‘अटोन’ हे क्रियापद वापरते ते बिघडलेल्या दोन माणसांत दिलजमाई घडवण्यासाठी. पुढे सतराव्या शतकात मात्र शब्दाचा तोल ढळू लागला. समेट व्हायचा तर कोणीतरी काहीतरी सोसायला हवं, किंमत मोजायला हवी. ती किंमतच हळूहळू शब्दाचा अर्थ होऊन बसली. जुळणं मागे राहिलं आणि फेडणं पुढे आलं. इतकं, की १८८१ साली इंग्रजी नव्या कराराची सुधारित आवृत्ती निघाली, तेव्हा रोमकरांच्या पत्रातला टिंडेलचा शब्द पंडितांनी काढून टाकला आणि तिथे ‘रिकन्सिलिएशन’ हा लॅटिन घराण्यातला शब्द बसवला. त्यांचंही चुकलं नाही. तोवर अटोनमेंट म्हणजे दोघांनी एक होणं हे कोणाच्या ध्यानातच नव्हतं. घरच्या शब्दाला घरातच कोणी ओळखेना, म्हणून पाहुण्याला बोलवावं लागलं.

इयन मॅकइवान यांची याच नावाची कादंबरी २००१ ची. तिच्यात एक मुलगी खोटी साक्ष देऊन दोन प्रेमिकांची ताटातूट करते आणि पुढे लेखिका होऊन, म्हातारपणी पुऱ्या केलेल्या कादंबरीत त्यांची भेट घडवून आणते. प्रत्यक्षात तेव्हा ते दोघेही हयात नसतात. शब्दाचा जुना अर्थ तिथे कागदावर पुरा होतो आणि नवा अर्थ लेखिकेच्या मानेवर बसून राहतो.

टिंडेलने इंग्रजीला दिलेला आणखी एक शब्द याच दुकानातला आहे, ‘स्केपगोट’. हिब्रू धर्मग्रंथात प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बोकड आणायला सांगितले आहेत. चिठ्ठ्या टाकायच्या. एकाचा बळी द्यायचा आणि दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून साऱ्यांची पापं त्याच्यावर लादून त्याला रानात सोडून द्यायचं. सुटून जाणारा बोकड तो स्केपगोट. आपले बातमीदार त्याचं भाषांतर बिनदिक्कत ‘बळीचा बकरा’ असं करतात. पण तो तर पहिला बोकड! आपल्या भाषांतरात दुसऱ्याच्या नावाने पहिलाच पुन्हा कापला जातो आणि पापांचं ओझं घेतलेला खरा मानकरी रानात चरत राहतो. चौकशी समित्यांचे अहवाल वाचणाऱ्यांना हे भाषांतर चुकीचं वाटणार नाही.

त्या प्रायश्चित्ताच्या दिवसाला ज्यू लोक योम किप्पूर म्हणतात, आणि इथे आपलं कोकण येतं. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज इथे आले, अशी बेने इस्रायली समाजाची परंपरा सांगते. रायगडच्या गावांत त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी काम बंद ठेवलं म्हणून त्यांना लोक ‘शनवार तेली’ म्हणू लागले. केहिमकर, दिवेकर, पेणकर अशी आडनावं त्यांनी घेतली आणि मराठी बोलले. जगातल्या इतर ज्यूंशी संबंध उरला नव्हता, तरी ते एक दिवस कडकडीत उपास करत. पांढरे कपडे घालत आणि दारं लावून घेत. त्या दिवसाचं त्यांचं नाव होतं ‘दारफाळणीचा सण’. दुसऱ्या दिवशी दानधर्म आणि गाठीभेटींचा ‘शिळा सण’. मला यातला क्रम पटतो. आदल्या दिवशी दार लावून स्वतःशी हिशेब करायचा आणि दुसऱ्या दिवशी दार उघडून माणसांकडे जायचं. याच समाजातल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात सिनेगॉग बांधलं. ‘शार हारहमीम’ या त्याच्या नावाचा अर्थ दयेचा दरवाजा.

ज्यू धर्मशास्त्राने या बाबतीत एक कलम फार कडक ठेवलं आहे. देवाविरुद्ध केलेली पापं या दिवसाने धुतली जातील, पण शेजाऱ्याविरुद्ध केलेलं पाप शेजाऱ्याची समजूत घातल्याशिवाय धुतलं जाणार नाही. देव शेजाऱ्याच्या वतीने सही करत नाही. बाराव्या शतकातल्या मैमोनिडीस या पंडिताने कार्यपद्धतीही लिहून ठेवली आहे. समोरचा माफ करत नसेल तर तीन मित्र बरोबर घेऊन जावं. तरीही नाही, तर दुसऱ्यांदा जावं, मग तिसऱ्यांदा जावं. तीन खेपांनंतरही तो बधला नाही तर त्याचा नाद सोडावा; मग पापी तो. (गुरूची माफी मागायची असेल तर मात्र खेपांना मर्यादा नाही. विद्यापीठात संशोधन करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.)

आपल्या ‘प्रायश्चित्ता’लाही शास्त्राचा आधार मोठा. महामहोपाध्याय काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात पातकं आणि त्यांची प्रायश्चित्तं यांचा जो पसारा मांडला आहे, तो पाहिला की वाटतं, पूर्वजांनी पापं करायला वेळ काढला कधी? पण मराठी माणसाच्या आठवणीत राहिलेलं प्रायश्चित्त चहाचं आहे. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झालं आणि नंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. काहींनी चहा घेतला, काहींनी कप नुसता बाजूला ठेवला. हजर मंडळींत टिळकही होते आणि रानडेही होते. गोपाळराव जोशी नावाच्या अवली गृहस्थांनी सगळ्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि पुण्यात भूकंप झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला शास्त्री नेमले गेले. एका कपाला एवढी किंमत पुढे इराण्यांनीही कधी लावली नाही.

टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं, आणि सुधारक मंडळी त्यांच्यावर तुटून पडली. चहा पिण्यात पाप नाही असं मानणाऱ्याने प्रायश्चित्त का घ्यावं? रमाबाई रानड्यांच्या आठवणींत याचा खुलासा आहे. चहावरून पडलेल्या बहिष्कारापायी मित्रांच्या घरांत कलह माजला होता, त्यांची अडचण दूर व्हावी म्हणून रानडे त्यांच्यासोबत बसले. तत्त्वाच्या तराजूत हे बसतं की नाही यावर आजही वाद घालता येईल. पण शास्त्रार्थ बाजूला ठेवला तर दिसतं ते असं, की पाप नसतानाही माणसांशी तुटू नये म्हणून एकाने प्रायश्चित्त घेतलं. टिंडेल त्या दिवशी पुण्यात असता तर आपला शब्द कोणाला चिकटवायचा हे त्याला बरोबर कळलं असतं.

एरवी आपल्याला फेडणं जमतं, जुळणं अवघड जातं. फेडण्यात एक सोय असते, समोरच्याचं तोंड पाहावं लागत नाही. देवळात अभिषेक करता येतो, उपास धरता येतो, ‘मी त्याला मनातल्या मनात कधीच माफ करून टाकलं’ असंही चारचौघांत सांगता येतं. (ज्याला माफ केलं त्याला ही बातमी तिसऱ्याकडून कळते आणि तो नव्याने चिडतो.) राजकारणात तर दर निवडणुकीआधी ‘मनोमिलन’ होतं. शब्दशः पाहिलं तर तेच अटोनमेंट. पण चौथ्या एडवर्डच्या सरदारांसारखं ते छायाचित्रापुरतं, हात वर आणि मनं जिथल्या तिथे.

मला वाटतं, हा शब्द जुन्या अर्थाने फक्त मुलं जगतात. कट्टी झाली की झाली. बट्टीला मात्र दोघं लागतात आणि दोघांची बोटं लागतात. कोणाचं चुकलं याचा निवाडा होत नाही, भरपाई ठरत नाही, खेळ पुढे सुरू होतो. मोठेपणी आपण आधी निवाडा मागतो, मग भरपाई मागतो, आणि तोवर खेळायचं वय निघून जातं.

तेव्हा वाचकहो, कोणाशी अबोला असेल तर उपासाच्या, दानाच्या आणि मनातल्या माफीच्या भरवशावर राहू नका. ते सगळं एकट्याचं काम, आणि एकट्याने कोणी एक झाल्याचं ऐकिवात नाही. त्याच्या घरी जा. तीन खेपांची मर्यादा जुन्या पंडिताने घालून दिलीच आहे. आपण निदान पहिली तरी घालावी.